मालकासमोरचं बोलणं

वडगावच्या विणकर गल्लीत परशरामला हाक मारून कुणी बोलवत नाही. हाक मारणाऱ्याचा घसा बसेल, पण परशराम वळायचा नाही. खांद्याला हात लावायचा, नाहीतर सरळ समोर जाऊन उभं राहायचं. मग तो तुमच्या तोंडाकडं असा टक लावून बघतो, की नवख्या माणसाला वाटावं आपल्या दाताला काहीतरी चिकटलंय. उभा जन्म पॉवरलूमच्या शेडमध्ये काढल्यावर कानाचं जे व्हायचं ते त्याचं झालं. त्याची त्याला फारशी खंतही नव्हती. "ऐकण्यासारखं हाय काय जगात?" असं तोच विचारायचा, आणि तेही चार घरं पलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मारुतीरावांच्या शेडमध्ये बारा माग. सकाळी ते एकदा सुरू झाले की पायाखालची फरशीसुद्धा थरथरते. तिथं घसा ताणून बोलायला जाणारा माणूस खुळाच म्हणायचा. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता बोलतात. ओठ जरा मोठे हलवायचे, भुवया उडवायच्या, लागलीच तर हाताची एखादी खूण करायची. सुताची कांडी संपली, ती नेणारा धोटा अडकला, चहा आला, तुझ्या मेव्हण्याचं जमलं म्हणे, सगळं या मागावरून त्या मागावर पोचतं. विणणाऱ्या सगळ्या घरांना हे येतं आणि कुणी कुणाला शिकवत नाही.

पण या बोलण्याची खरी चव मालक शेडमध्ये आल्यावर. मारुतीराव पांढऱ्या शर्टात, हात मागं बांधून यायचे. त्यांनी स्वतः कधी धोटा हातात धरला नव्हता, माग त्यांना वडिलांकडून आयते मिळालेले. त्यामुळं ओठांवरचं त्यांना अक्षर कळायचं नाही. मग काय, पाठीमागं कशाला, चक्क तोंडासमोर त्यांचा उद्धार चालायचा. परशरामच्या शेजारच्या मागावरचा रवळू त्यात पटाईत. "मालकाचं पोट बघा रं, त्यावर सुताचं एक बीम चढवता येतंय," असं तो मारुतीरावांकडं बघत बघत, चेहरा देवळातल्यासारखा ठेवून बोलायचा आणि सगळी शेड हसायची. मारुतीरावही हसायचे. "खुशीत हायसा की रं सगळी!" म्हणायचे. माणूस तसा वाईट नव्हता. पण मालक आहे म्हटल्यावर त्याला शिव्या घातल्याशिवाय दिवस सरत नाही, हा शेडचा रिवाजच होता.

परशरामची एकुलती लेक रचना याच शेडमध्ये वाढली. शाळा सुटली की दप्तरासकट इथं यायची आणि सुताच्या पोत्यांवर बसून अभ्यास करायची. पाढे तिनं आवाजाविना पाठ केले, बाप ते मागावरून तपासायचा. मोठी होईपर्यंत ती रवळूच्या वरताण झाली. घरात तर दोघांची चंगळच असायची. आईला, भाग्यलक्ष्मीला, मोतीबिंदू. कांड्या भरायचं काम ती बोटांच्या अंदाजानं करायची, पण समोरच्याचे ओठ तिला दिसायचे नाहीत. तिच्या समोर बसून बापलेक तिच्याच आमटीची चेष्टा करायचे, आणि ती ताट सरकवत म्हणायची, "हसताय न्हवं दोगंबी? मीठ कमी पडलंय, मला म्हाईत हाय." तिचे कान मात्र भारी तिखट. घरात तिचे कान आणि त्याचे डोळे, असा संसार चाललेला.

रचनानं बी. कॉम. केलं, जवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात हिशेबाला लागली, आणि तिथल्याच कुणा मैत्रिणीच्या नादानं ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी नाव घातलं. वर्षभर तिकडं राहायचं, फिरायचं, हवं तिथं काम करायचं आणि परत यायचं, असला तो व्हिसा. नावं लॉटरीनं निघतात. लाखभर पोरांतून आपल्या पोरीचं नाव निघालं, याचा परशरामला इतका अभिमान, की गल्लीत भेटेल त्याला तो थांबवून सांगायचा. "सुट्टीबी आणि कामबी!" भाग्यलक्ष्मीला ते पटत नव्हतं. "सुट्टी आसंल तर काम कशाला, आणि काम आसंल तर सुट्टी कसली?" एवढंच ती म्हणाली, आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली. तिकडं पोचल्यावर एका फळांच्या बागेत काम ठरलं होतं. एक कंत्राटदार माणसं लावून द्यायचा. आपल्याच देशाचा आहे, हिंदी बोलतो, राहायची सोयही तोच करतो, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं.

पोचल्या दिवशीचा फोन मेलबर्नच्या विमानतळावरून आला. रचनाच्या मागं निळंभोर आभाळ, गालावर ऊन, ओठ सुखानं हलताहेत. दुपारची वेळ, परशराम मागावर. फोनचं चित्र पुढं धरून तो शेडभर फिरला. रवळूनं तिला विचारलं, "तिकडचा मालक पोटावाला हाय काय गं?" ती हसली. "अजून बघितला न्हाय अण्णा. बागेचं नावबी ठाऊक न्हाय. इथनं चार तास लांब हाय म्हणं. गाडी आलीया न्यायला."

दुसरा फोन आला तोही शेडमध्येच. नंबर निराळा होता. रचना एका पत्र्याच्या खोलीत उभी होती, भिंतीला लागून एकावर एक पलंग. तिच्या खांद्यामागं टोपी घातलेला एक माणूस दाराला टेकून उभा होता. परशरामनं फोन मागाच्या चौकटीला टेकवला आणि कांडी बदलता बदलता विचारलं, "जेवलीस काय?"

रचनाचे ओठ आवाज न काढता हलले. "आप्पा, ह्यो माणूस बरा न्हाय. माझा पासपोर्ट काढून घेतलाय. फोनबी घेतलाय. ह्यो फोन त्येचाच हाय."

आणि परशराम हसला. नुसता हसला नाही, डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसला. पोरगी सातासमुद्रापार गेली, चार दिवस झाले नाहीत, आणि नव्या मालकाला त्याच्याच तोंडासमोर, त्याच्याच फोनवर शिव्या घालतेय! त्यानं रवळूला बाही धरून ओढलं. रवळूही हसला. "म्हंजे आमचा मारुतीराव बरा म्हणायचा की गं!" परशरामनं रचनाला ओठांनी उत्तर केलं, आणि मारुतीरावांसारखं पोट पुढं काढून दाखवलं.

रचना बघत राहिली. जरा वेळानं तिच्याही तोंडावर हसू आलं. मागचा टोपीवाला पुढं वाकला, म्हाताऱ्याचं हसणं बघून तोही हसला, आणि फोन बंद झाला. त्या दिवशी परशरामचं कापड दोन वीत जास्तच निघालं असेल, असा तो रंगात होता.

संध्याकाळी घरी आला तर भाग्यलक्ष्मी उंबऱ्यावर बसलेली. तिलाही फोन आला होता. ती काय सांगते ते बघायला तो समोर टेकला.

"हिंदीत बोलली," ती म्हणाली.

"कोण?"

"रचना. माज्यासंगं. 'आई, मैं ठीक हूँ, खाना अच्छा है.' मी म्हटलं, येडे, आईसंगं हिंदी कशाला? तर परत तेच. 'मैं ठीक हूँ.'"

"तिकडं सवय करालीया आसंल," परशराम म्हणाला. भाग्यलक्ष्मीनं मान हलवली, पण उंबऱ्यावरून उठली नाही. दिवा लावायची वेळ टळून गेली तरी ती तशीच बसून होती.

मग फोन येईनासा झाला. इकडून लावला तर कुणीतरी पुरुष उचलायचा. 'काम में है' एवढं बोलून ठेवून द्यायचा. रचनाचा स्वतःचा नंबर बंद. परशरामला अजून काळजी नव्हती. नवी नोकरी, हंगामाचे दिवस, माणूस दमतो. भाग्यलक्ष्मी मात्र कांड्या भरता भरता मधेच हात थांबवायची आणि फोनकडं तोंड करून बसायची. भरलेल्या कांड्यांत गाठी येऊ लागल्या. शेडमध्ये त्याचा त्रास परशरामलाच व्हायचा.

एका दुपारी मारुतीराव नेहमीसारखे हात मागं बांधून आले. रवळूनं सुरू केलं. नवा शर्ट, जुना ढेकर, असलं काहीतरी. परशराम हसायला लागला आणि त्याचं लक्ष रवळूच्या डोळ्यांकडं गेलं. रवळूचे डोळे मारुतीरावांवर होते. ते तसेच असतात. चेष्टा करणारा मालकाकडं बघत बोलतो, त्यातच सगळी मजा. सोबत्याकडं बघून बोलतो तो खरोखर अडकलेला माणूस. बोट मागाच्या पट्ट्यात सापडलं तेव्हा रवळूनं असंच परशरामकडं बघितलं होतं.

रचनानं मागं वळून त्या माणसाकडं एकदाही बघितलं नव्हतं. ती सगळा वेळ बापाकडं बघत होती.

परशरामनं माग बंद केला. मग त्याला काय करावं सुचेना, म्हणून तो शेजारचाही बंद करायला गेला. रवळूनं हात धरून त्याला थांबवलं. बाकीच्यांनी एकेक करून माग थांबवले. बाराही माग भर दुपारी थांबलेले मारुतीरावांनी कधी बघितले नव्हते.

"माझी पोरगी मला सांगत हुती," परशराम ओरडून म्हणाला. त्याला वाटलं आपण हळू बोलतोय. "ती मला सांगत हुती आणि मी हसलो मालक. मी दात काढले."

सगळं ऐकून घेताना मारुतीरावांना पहिल्यांदाच कळलं, की आपल्या तोंडासमोर इतकी वर्षं काय चाललं होतं. ऐन वेळी माणूस कसा निघेल सांगता येत नाही. ते रागावले नाहीत, खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी फोन काढला. शहापूरचा एक मुलगा, आदर्श, मेलबर्नला कंपनीत होता, मारुतीरावांच्या भाच्याचा दोस्त. तो त्याच दिवशी तिथल्या पोलिसांकडं जाऊन आला. पोलीस म्हणाले, जाऊ, पण कुठं? चार तासांवर म्हणजे कुठल्या बाजूला? फळांच्या बागा शेकड्यांनी आहेत. फोनवरून शोधता येईल, पण त्याला दिवस लागतील. आणि आदर्शनं बजावलं, त्या माणसाला वास लागता कामा नये. असली माणसं संशय आला की रातोरात गाडी भरतात आणि पोरांना दुसरीकडं हलवतात. मग जागा सापडूनही उपयोग नाही.

म्हणजे जागा पोरीकडूनच कळायला हवी होती. फोन त्या माणसाचा, आणि तो समोर उभा राहणार.

या वेळी भाग्यलक्ष्मीनं काम केलं. आयुष्यात ती बाजारातल्या बांगडीवाल्याशिवाय कुणाशी हिंदी बोलली नव्हती. तिनं फोन लावला, माणसानं उचलला, आणि तिनं असला रडवेला, खुळचट सूर काढला की परशरामला तो तिच्या तोंडावर दिसला. "साब, उसका बाप बहरा है. मैं बोली बेटी ठीक है, तो मानताच नहीं. रोटी नहीं खाता. एक बार मुंह दिखा दो उसको. दोपहर को कारखाने में रहता है, उदर लगाओ." पलीकडचा हसला म्हणे. बहिऱ्याला फोन दाखवायचा, यात कसली जोखीम? उद्या बघू, म्हणाला. फोन ठेवल्यावर तिनं पदर तोंडात कोंबला आणि मग कुठं तिला खरं रडू आलं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. आवाजानंही नाही, ओठांनीही नाही. माग मात्र सगळे चालू ठेवले होते, नेहमीसारखं दिसायला पाहिजे म्हणून. मारुतीराव फोनच्या चित्रात येणार नाहीत अशा बाजूला खडू घेऊन उभे. जेवायची वेळ टळली. डबे तसेच. परशरामच्या मागावर तीनदा सूत तुटलं आणि तीनदा त्यानं ते फणीच्या चुकीच्या घरातून ओवलं.

फोन आला.

रचनाचे ओठ फुटले होते. परशरामला पहिल्यांदा तेच दिसलं, कारण तो तेच बघत होता. खालच्या ओठावर सुकलेली काळी रेघ, आणि ओठ हलले की ती उकलायची. केस मागं घट्ट बांधलेले. आठवड्याभरात तिचं तोंड एवढंसं झालं होतं. टोपीवाला या वेळी दाराशी नव्हता, तिच्या अगदी खांद्याशी होता.

"कळलं मला," परशराम ओठांनी म्हणाला. "बाळा, मला उशिरा कळलं. कुठं हाईस तू?"

तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि तिथंच थांबलं. टोपीवाल्यानं मान वाकडी करून फोनमध्ये बघितलं. परशरामचा चेहरा त्याला दिसला, आणि त्या चेहऱ्यात काय होतं ते परशरामला स्वतःला दिसत नव्हतं. रचनाला दिसत होतं.

"हसा," तिचे ओठ म्हणाले. "आप्पा, हसा. त्यो तुमच्याकडं बघालाय. गेल्या खेपेला हसलासा तसं हसा."

त्या हसण्यासाठी परशरामनं स्वतःला काय काय शिव्या दिल्या होत्या! रात्र रात्र ते आठवून तो भिंतीवर कपाळ टेकून बसला होता. आता ते तोंडावर आणायचं होतं आणि ते येईना. गालच वर जाईनात. रवळूनं ते बघितलं. तो पुढं आला, चित्रात शिरला, आणि मारुतीरावांसारखं पोट काढून, हात मागं बांधून चालायला लागला. बाजूला खरे मारुतीराव उभे होते. त्यांनी मानेनंच खुणावलं, अजून कर. परशरामच्या घशातून काहीतरी बाहेर पडलं. ते हसणं होतं की दुसरं काही, हे बहिऱ्या माणसाला कसं कळावं? पण त्याचे दात दिसले, खांदे हलले, डोळ्यातून पाणी आलं, आणि टोपीवाल्याची मान सरळ झाली.

"गावाचं नाव तुमाला वळखू येणार न्हाय," रचना बोलू लागली. तीही हसत होती, फुटलेल्या ओठांनी. "पत्त्याचा पिन नंबर सांगते. पेट्यांवर छापलेला असतो. आठ पोरी हाव आमी. एकीला बरं न्हाय." मग तिनं आकडे सांगितले, एकेक, लहानपणी पाढे म्हणायची तसे ओठ मोठे करून. तिकडचा पिन चारच आकड्यांचा. परशराम हसत होता आणि मांडीवर आडवा हात धरून बोटांनी आकडे दाखवत होता. मारुतीराव ते मागाच्या लाकडावर खडूनं लिहीत होते. खडू मोडला. त्यांनी तुकड्यानं लिहिलं.

"परत सांग," परशराम म्हणाला. तिनं परत सांगितले. तेच होते.

"आप्पा, लवकर," ती म्हणाली. पुढचं तिला बोलता आलं नाही, कारण टोपीवाल्यानं तिच्या हातातून फोन घेतला.

आता फोनच्या सगळ्या काचेत त्याचाच चेहरा होता. तसा साधाच. कुठल्याही बाजारात भेटेल असला. त्याचे ओठ हलले. तो हिंदीत बोलत होता, आणि हिंदी ओठ परशरामला वाचता यायचे.

"क्या बोल रही थी?"

परशरामचं हसणं तोंडावर होतं तिथंच राहिलं. शेडमधले बारा माग खडखडत होते. रवळू पोट काढलेला तसाच उभा होता.

"गाली देती है साब!" परशराम सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. "मेरे मालिक को गाली देती है! बचपन से आदत है उसको!"

माणसानं फोन जवळ घेऊन त्याचा चेहरा निरखला. मग तो हसला. चांगला मोकळा हसला, मागं वळून रचनाच्या पाठीवर थाप मारली आणि फोन बंद केला.

मारुतीराव खडूचे आकडे बोटानं धरून आदर्शला वाचून दाखवत होते. एक हात त्यांनी दुसऱ्या कानावर दाबून धरला होता, कारण माग अजून कुणी बंद केले नव्हते. रवळू परशरामसमोर येऊन उभा राहिला आणि ओठांनी म्हणाला, "झालं रं. गेला त्यो. आता नको हसू." परशरामनं ते वाचलं, मान हलवली, आणि तरी त्याला थांबता येईना.